धबुकारातलं नाव

दिवाळीच्या काळ्या अमासेच्या सकाळी खेमा राठोड ओट्यावर बसून दाढी करत होता आणि आरशातून तांड्यात शिरणारी प्रत्येक गाडी पाहत होता. हिंगोली जिल्ह्यात पुसेगावच्या पुढं माळाच्या उतारावर त्यांचा तांडा. एरवी तिथं म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं एवढीच उरतात; पण दिवाळीला पुण्याचे येतात, मुंबईचे येतात, आणि जे ऊसतोडीला जाणार असतात तेही अजून घरीच असतात. भाऊबीज झाली की ट्रक येतात आणि निम्मा तांडा बिऱ्हाड बांधून निघून जातो. त्यामुळं दिवाळीचे हे दोन दिवस तांडा भरलेला असतो. दारोदार चुली, बकऱ्याच्या वाट्यांवरून हुज्जत, पोरांचे फटाके.

खेमा मात्र या दोन दिवसांना सहा वर्षांपासून भीत आला होता.

त्यानं आयुष्यभर गोरेगाव ते हिंगोली जीप चालवली. त्याच्या जीपची त्या रस्त्यावर एक ख्याती होती. जीप भरली तरी, ‘आलोच’ म्हणून उतरलेला माणूस परत आल्याशिवाय तो चाक हलवायचा नाही. एकदा सेनगावला एक म्हातारी औषध आणायला उतरली ती येईनाच. आतले लोक घामानं निथळत शिव्या देऊ लागले. खेमा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. “येतो म्हणून गेलेल्या माणसाला टाकून माझी जीप हालत न्हाई. घाई असंल त्यानं दुसरी पाहावी,” एवढंच बोलला. गोरेगावात जीपगाड्यांचं गॅरेज चालवणारा त्याचा दोस्त नासेर त्याला चिडवायचा, “खेमाभाई, लोकांच्या जीपा डिझेलवर चालतात. तुझी सबर पे चलती है.”

त्याचा मुलगा हरिचंद एकुलता एक. सहा वर्षांपूर्वी तो तांड्याबरोबर ऊसतोडीला गेला होता. हंगाम संपल्यावर सगळे परत आले. हरिचंद तोडणीच्या मशीनवर काम मिळालं म्हणून तसाच पुढं गुजरातकडं गेला. काही दिवस फोन येत राहिला. मुलगी निकिता तेव्हा तीन वर्षांची होती. तिला फोनवर बोबडं बोलायला लावून तो हसायचा. मग एक दिवस फोन बंद लागला आणि पुढं बंदच राहिला. मशीनच्या मालकानं सांगितलं, पगार घेऊन गेला, कुठं ते ठाऊक नाही. खेमा आणि नासेर दोघं मिळून तिकडं फिरून आले, पोलिसांत सांगून आले, दवाखाने पालथे घातले. हरिचंद जिवंतांत सापडला नाही आणि मेलेल्यांतही सापडला नाही.

बाकीच्या वर्षात हे असंच ढकलत नेता येई. दिवाळीला तसं ढकलता येत नसे, कारण तांड्याच्या दिवाळीत प्रत्येक माणसाला जित्यांच्या नाहीतर मेलेल्यांच्या बाजूला उभं राहावंच लागतं. अमासेच्या संध्याकाळी लग्न न झालेल्या पोरी हातात दिवा घेऊन घरोघर फिरतात आणि घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याला मेरा देतात, म्हणजे दिवाळीची ओवाळणी करून शुभ चिंततात. हा मान जित्या माणसाचा. दुसऱ्या सकाळी धबुकार. चुलीतले निखारे पुढं ओढायचे, त्यांच्यावर लापशी आणि तूप सोडायचं आणि घराण्यातल्या मेलेल्यांना एकेकाला नावानं जेवायला बोलवायचं. ज्याचं नाव घेतलं त्याला घास पोचतो. ज्याचं राहिलं तो पुढच्या दिवाळीपर्यंत उपाशी, असं सगळा तांडा मानतो.

हरिचंदचं नाव कशात घ्यायचं?

खेमाची बायको धारूबाईनं तो प्रश्न स्वतःपुरता सोडवून टाकला होता. मेरा द्यायला पोरी दारात आल्या की ती त्यांना सगळ्यांच्या शेवटी मुलाचं नाव घ्यायला लावी. सकाळी धबुकाराच्या वेळी ती नवऱ्याच्या समोर बसे आणि त्याच्या तोंडाकडं पाहत राही. खेमा आपल्या बापाच्या नावापर्यंत येई आणि थांबे. गेल्या वर्षी देवला नाईकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, त्याला बाजूला घेऊन समजावलं होतं, “खेमा, किती दिवस लटकवून ठेवतो पोराला? मेला असंल तर उपाशी हिंडून राहिला असंल.” खेमा म्हणाला होता, “अन् जिता असला, नाईक? बापानंच त्याला निखाऱ्यावर टाकलं, असं होईल ना?” 

यंदा दुपारी खेमाचा धाकटा भाऊ फुलसिंग हिंगोलीहून आला. फुलसिंग एका शाळेत मास्तर. तिकडं नवं घर बांधल्यापासून तो दिवाळी तिथंच करी. पण यंदा निकिता पहिल्यांदा मेरा द्यायला निघणार होती म्हणून धारूबाईनं स्वतः फोन करून दोघा नवरा-बायकोला बोलावलं होतं.

“आले बाबा शहरातले पाव्हणे,” खेमा हसत उठला. “गाडी लावायला जागा हाय का बघा. न्हाईतर नाईकाच्या गोठ्यात लावा.”

“भिया, तुझी जीप जिथं उभी राहायची तिथं माझी कार मावती,” फुलसिंग म्हणाला. “बकऱ्याचा वाटा घेतलास का, का मास्तर येऊन राहिला म्हणून नुसतं वरण?”

“तुला काळजाचा तुकडा ठेवला हाय. पण खाशील का? शहरात गेल्यापासून तुझं पोट नाजूक झालं म्हणतात.”

फुलसिंगची बायको सिंधूबाई पदर सावरत आत गेली. चुलीपाशी दिपाली होती, हरिचंदची बायको. तिच्या हातात कोपरापर्यंत नव्या हिरव्या बांगड्या होत्या. दर दिवाळीला धारूबाई गोरेगावच्या बाजारात नेऊन त्या स्वतः तिला भरायची. सिंधूबाईची नजर बांगड्यांवर गेली आणि लगेच दुसरीकडं वळली. दिपालीनं ते पाहिलं. तिनं पाटा पुढं ओढला.

दिवस मावळला. नाईकाच्या घरापासून पोरींची गाणी ऐकू येऊ लागली आणि एकेक घर करत दिव्यांची ओळ खेमाच्या दारात आली. सगळ्यांत लहान निकिता. तिनं परकर नेसला होता आणि दिवा विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करून ती पावलं मोजत चालत होती. धारूबाईचं तोंड उजळलं. खेमालाही बरं वाटलं. मोठ्या पोरींनी सूर धरला, निकितानं पुढं होऊन आजोबाला मेरा दिला, आजीला दिला, फुलसिंग आजोबाला दिला. मग ती थांबली.

“अगं घे ना,” धारूबाई म्हणाली. “सांगितलं होतं ना? पप्पाचं नाव घे.”

निकितानं तोंड उघडलं, तेवढ्यात सिंधूबाई झटक्यात पुढं आली. “थांब पोरी! धबुकार दिलेल्या माणसाला मेरा देत न्हाईत! वाईट असतं ते!”

बोलून गेल्यावर तिनं पदर तोंडावर दाबला. गाणं थांबलं. मोठ्या पोरी एकमेकींकडं पाहू लागल्या.

“कोणी दिला धबुकार?” खेमानं विचारलं.

“भिया, आत चल,” फुलसिंग म्हणाला. “पोरी हायेत.”

“ऐकू दे पोरींना. कोणी दिला?”

फुलसिंगनं मान खाली घातली. “मी. हिंगोलीच्या घरी चूल मांडल्यापासून देऊन राहिलो. आपल्या बापाच्या नावामागं हरिचंदचं घेतो.”

“माझं पोरगं जितं हाय का मेलं, हे मला ठाऊक न्हाई. तुला ठाऊक झालं? मास्तर हायेस म्हणून?”

“मला बी ठाऊक न्हाई, भिया. पण असला मेलेला, तर उपाशी राहू नये एवढंच मनात होतं. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोरगं हाय ते.”

“मंग तुझ्या स्वतःच्या पोराचं नाव टाकायचं निखाऱ्यावर!”

“अमासेच्या दिवशी काय बोलता हो, दादा!” सिंधूबाई रडायलाच लागली.

आजवर खेमाला वाटत आलं होतं की मुलाचं नाव त्याच्या एकट्याच्या ओठांत अडवून धरलेलं आहे, तो बोलत नाही तोवर हरिचंदला काही होत नाही. आणि इकडं हिंगोलीत, त्याच्या सख्ख्या भावाच्या चुलीवर, ते नाव केव्हाच घेतलं गेलं होतं. तो एवढ्या दिवाळ्या कशाची राखण करत बसला होता?

“जा माझ्या घरातून,” तो म्हणाला.

धारूबाई निकितापाशी गेली, तिच्या हाताखाली आपला हात धरून दिवा वर केला आणि म्हणाली, “दे तू मेरा. नाव घे.” निकिता घाबरून आईला शोधू लागली, पण दिपाली दाराच्या आत, अंधारात उभी होती. शेवटी पोरीनं बापाचं नाव घेतलं. इतक्या हळू की बाजूच्या पोरींनाही ते ऐकू गेलं नसावं.

फुलसिंग बायकोला घेऊन नाईकाच्या घरी गेला. कालवण चुलीवर तसंच राहिलं. निकितानं भाकर कोरडीच खाल्ली.

सकाळी खेमा उठला तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. दिपालीनं चूल पेटवली होती आणि लापशीसाठी गूळ फोडत होती. तो निखारे करायला जाड लाकडं घेऊन आला, चुलीत सरकवली आणि परत फिरला.

“बापू.”

त्याला वाटलं, ती निकिताला काही सांगते आहे. लग्न होऊन आल्यापासून दिपाली सासऱ्याशी समोरासमोर कधी बोलली नव्हती. तांड्याच्या रीतीप्रमाणं पदर पुढं ओढूनच ती त्याच्यासमोर येई. काही सांगायचं असलं तर सासूच्या तोंडून, नाहीतर निकिताचं निमित्त करून सांगे. पण निकिता झोपलेली होती.

“काकांवर राग धरू नका,” ती चुलीकडं पाहतच म्हणाली. “मीच त्यांना सांगितलं होतं. नाव घ्या म्हणून.”

खेमा चौकटीला धरून उभा राहिला. “काहून?”

“दर दिवाळीला याडी मला बांगड्या भरती. मी भरून घेते. तिचं मन मोडवत न्हाई. मग सकाळी ही लापशी करते. तुमी समद्यांची नावं घेता, अन् माझ्या मनात येतं, आज साऱ्या तांड्याचे मेलेले जेवून राहिले, अन् आपला एकटा दारात उभा असंल. का, तर आपल्याला खात्री न्हाई म्हणून. मला घास गिळत न्हाई, बापू. इथं कोणाला सांगणार? म्हणून काकांच्या पाया पडले.”

“अन् जिता असला तर?”

दिपालीनं गूळ पाण्यात सोडला आणि ढवळत राहिली. 

“जिता असला तर त्याला घरचा रस्ता ठाऊक हाय. तुमचा फोन नंबर तोच हाय, तुमी बदलला न्हाई. निकिता नऊ वर्षांची झाली.” तिनं ढवळणं थांबवलं. “तो जिता असला, तर त्यानं आपल्या साऱ्यांना मारलं, बापू. मग मी कोणासाठी बांगड्या भरून राहिले?”

खेमा बाहेर ओट्यावर येऊन बसला. आजवर तो हिशेब सोपा समजत होता. जिवंत म्हणजे चांगलं, मेला म्हणजे वाईट. आणि बापानं चांगल्याच्या बाजूनं उभं राहायचं. आज पहिल्यांदा त्याला दिसलं की मुलगा जिवंत असेल, तर तो कुठंतरी दुसऱ्याच दारापुढं दिवा लावत असेल, दुसऱ्याच लेकराला फटाका उडवायला शिकवत असेल, आणि इकडचा नंबर पाठ असूनही लावत नसेल. तो हरिचंद खेमाच्या ओळखीचा नव्हता. त्याच्या ओळखीचा हरिचंद तसा नव्हताच. मग तो मेला असला पाहिजे. बापाला मुलाच्या बाजूनं बोलायचं तर हेच बोलावं लागत होतं, आणि ते बोलायला जीभ उचलत नव्हती.

उजाडल्यावर त्यानं निकिताला नाईकाच्या घरी पाठवलं. फुलसिंग एकटाच आला, दारात घुटमळला.

“ये,” खेमा म्हणाला. “बापाच्या चुलीवर दोघं भाऊ लागतात.”

दोघंही बसले. समोर नेहमीच्या जागी धारूबाई. मागं भिंतीला टेकून दिपाली, तिच्या मांडीला चिकटून निकिता. खेमानं निखारे पुढं ओढले, लापशीचा घास ठेवला, पळीनं तूप सोडलं आणि नावं घ्यायला लागला. हिरामण, जेवायला ये. लच्छू, जेवायला ये. सोमली, झमकू, दोघी आया, जेवायला या. घर लापशीच्या आणि जळत्या तुपाच्या वासानं भरलं. शेवटी त्याच्या बापाचं नाव आलं. रूपला, जेवायला ये.

त्यानंतर तो थांबला. दरवर्षी थांबतो तिथंच. पण आज त्यानं पळी खाली ठेवली नाही.

धारूबाईनं ते पाहिलं. ती नवऱ्याच्या तोंडाकडं पाहत होती, मग पळीकडं पाहू लागली. धबुकार चालू असताना घरातलं माणूस उठत नाही. लग्न झाल्यापासून ती कधी उठली नव्हती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

“गाईला पाणी ठेवायचं राहिलं,” ती म्हणाली आणि बाहेर गेली.

गाय मागच्या बाजूला बांधलेली होती. ती तिकडं गेली नाही. ती अंगणातून खाली, पाणंदीनं तुरीच्या रानाकडं चालत गेली. तिच्या हातापायांतल्या दागिन्यांचा आवाज चौघं ऐकत होते. तो कमी होत गेला.

“भिया, मी घेऊ का नाव?” फुलसिंगनं विचारलं.

“न्हाई. बाप मी हाय.”

आवाज पुरता बंद होईपर्यंत खेमा थांबला. मग त्यानं घास ठेवला, तूप सोडलं. “हरिचंद,” तो म्हणाला. “ये रे बाबा. जेव.”

तूप चरचरलं, थोडा धूर झाला आणि तो घास बाकीच्या घासांसारखाच कडेनं काळा पडत गेला. मागं दिपालीनं पदर तोंडात कोंबला होता. तरी तिचं रडणं अडेना. निकिता तिच्या बांगड्यांवरून हात फिरवत होती. फुलसिंगनं मोठ्या भावाच्या पाठीवर हात ठेवला. खेमानं तो झटकला नाही.

धारूबाई बऱ्याच वेळानं परत आली. पाय चिखलानं भरलेले होते. तिनं पाय धुतले, ताटं मांडली, सगळ्यांना वाढलं. कोणाला काही विचारलं नाही.

दुपारी नासेर आणि त्याची बायको गौसिया आले. ईदला खेमाचं घर नासेरकडं आणि दिवाळीला नासेरचं खेमाकडं, हे जीपच्या दिवसांपासून चालत आलेलं. नासेर फळांची पिशवी हलवत अंगणातूनच ओरडला, “लापशी ठेवली का मास्तरनं सगळी साफ केली? मास्तर लोकांचा काय भरोसा न्हाई!”

कोणी हसलं नाही. नासेर चपला काढता काढता थांबला. गौसिया आत बायकांकडं गेली. तो खेमाशेजारी बाजेवर बसला.

“काय झालं, भाई?”

“आज हरिचंदचं नाव घेतलं,” खेमा म्हणाला. “सकाळी. धबुकारात.”

मेलेल्या माणसासाठी म्हणायचे शब्द नासेरच्या ओठांवर आले, आणि अर्ध्यावर त्यानं ते अडवले. टोपी काढून मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली.

“खेमाभाई, मी दर जुम्म्याला त्याच्यासाठी दुआ मागतो. सहा साल झाले. या अल्ला, पोरगं घरी पोचव, म्हणून.” तो जमिनीकडं पाहत बोलत होता. “आता काय मागू? तूच सांग. तू बोलशील ते मागतो.”

सकाळी जे एकदा बोलून झालं होतं तेच पुन्हा, उजेडात, दोस्ताच्या तोंडावर बोलायचं होतं, आणि ते खेमाकडून होईना.

ताट घेऊन धारूबाई दारात आली होती. तिनं ते नासेरच्या पुढ्यात ठेवलं. लापशीवर वरून तूप वाढलं.

“तेच मागा, नासेरभाऊ,” ती म्हणाली. “जे मागून राहिलेत तेच मागा. मी काही ऐकलं न्हाई.”

ती आत गेली. नासेरनं खेमाकडं पाहिलं. खेमा खाली पाणंदीकडं पाहत होता. बाजूच्या घरी कोणीतरी फटाक्यांची माळ लावली, ती बराच वेळ वाजत राहिली. नासेर ताट हातात धरून तसाच बसला होता. तूप थिजायला लागलं तेव्हा खेमा म्हणाला, “खा. गार होऊन राहिलं.”